सुकेळी बघणारी दाढ

लिहायची मला हौस नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला छापून यायचं होतं. आमच्या समाजाचा वार्षिक अंक निघतो, त्याचा संपादक सुमेध तीनदा घरी आला. पहिल्यांदा चहा पिऊन गेला. दुसऱ्यांदा जेवून गेला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आता हा उशी घेऊन येईल, त्यापेक्षा लिहून दिलेलं बरं. ‘रामूभाऊ, तुमच्याच शब्दांत लिहा,’ म्हणाला. दुसऱ्या कुणाचे शब्द मी आणणार कुठून? चौथीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

तरी लिहितो, कारण आगाशीच्या बाजारात ही गोष्ट पाच तऱ्हांनी फिरते आहे. एकीत माझी जीभ तुटली. एकीत मी विरारला आय.सी.यू.त होतो. मासळीवाल्या बायकांच्या गोष्टीत तर मी डॉक्टरणीला चावलो. मी कुणालाही चावलेलो नाही. (म्हणजे दुसऱ्या कुणाला.)

तर ऐका.

आमची वाडी आगाशीला. वाडीत राजेळी केळी, आणि राजेळीची आम्ही सुकेळी करतो. नव्या फ्लॅटवाल्यांना सुकेळं म्हणजे काय ते ठाऊक नसतं, ते त्याला ‘केळ्याचं खजूर’ म्हणतात. म्हणोत. केळं पिकवायचं, सोलायचं, कारवीच्या काठ्यांच्या मांडवावर ओळीने निजवायचं आणि सात उन्हं द्यायची. दव पडायच्या आत रोज झाकायचं. सातव्या दिवशी बघायचं, झालं का. इथेच सगळी मेख आहे. एक दिवस आधी उतरवलं तर आठवड्यात बुरशी. एक दिवस उशिरा उतरवलं तर ते खायला नको, दाराला अडसर म्हणून लावा.

हे बघायचं काम आमच्या घरात माझं. चाळीस वर्षं माझं. लोक डोळ्याने बघतात, मी दाढेने बघतो. उजवीकडची सगळ्यात मागची वरची दाढ आणि तिच्याखालची तिची जोडीदारीण. सुकेळं तिथे धरायचं आणि तीन चावे घ्यायचे. पहिल्या चाव्याला त्याने नाही म्हणायला हवं, दुसऱ्याला विचार करायला हवा, तिसऱ्याला दाढेला चिकटून सुटायला हवं. मग मी मान हलवतो, आणि मग मांडव उतरतो. माझी मान हलल्याशिवाय आमच्या घरात एक सुकेळं जागचं हललेलं नाही. अशी माझी समजूत होती.

घरात आम्ही चौघं. मी. माझी बायको बायजा, जिला सगळं आधी माहीत असतं आणि ती सांगते नंतर. मुलगा प्रितेश, अंधेरीला कंपनीत आहे आणि कागदावर आकडा दिसल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. आणि सून रचना. रचना नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तिचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीतले. लग्न होऊन आली तेव्हा तिने केळीच्या झाडाला ‘खोड’ म्हटलं की ‘बुंधा’ म्हटलं, ते आठवत नाही, पण चुकीचं म्हटलं होतं. तीन वर्षं झाली. कॉम्प्युटरवर घरातून काम करते आणि उरलेल्या वेळात बायजाच्या मागे मागे मांडवाखाली फिरते. मी एकदा तिला स्पष्ट सांगितलं होतं, ‘पोरी, हे शिकून येत नाही. हे दाढेत असावं लागतं.’ ती ‘हो बाबा’ म्हणाली. तेव्हा बायजा खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता, हे मला आत्ता कळतंय.

आता खरी अडचण. प्रितेशच्या डोक्यात टर्फ शिरलं होतं. टर्फ म्हणजे हिरवी सतरंजी घालून जाळीच्या पिंजऱ्यात क्रिकेट खेळतात ते. बोळींजपासून अर्नाळ्यापर्यंत जिथे बघावं तिथे पिंजरे झालेत, आणि आत बँकेतली माणसं एकमेकांना शिव्या देत उड्या मारतात. त्याला राजेळीचा तुकडा त्यासाठी हवा होता.

‘बाबा, राजेळी परवडत नाही. मागच्या वर्षी अर्धा माल परत आला.’

‘ढग आले होते.’

‘ढग फक्त आपल्याच मांडवावर कसे येतात?’

‘ते ढगांना विचार.’

शेवटी ठरलं असं. माझा मित्र युजीन, पलीकडच्या आळीतला, त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न जानेवारीत होतं. जावई जर्मनीहून येणार, त्याचे मित्र येणार. युजीनला प्रत्येक पाहुण्याच्या हातात सुकेळ्यांची पुडी द्यायची होती. दोनशे पुड्या. प्रितेश म्हणाला, ‘ही ऑर्डर नीट गेली तर राजेळी ठेवू. नाही गेली तर एप्रिलमध्ये जे.सी.बी.’ मी म्हटलं, ‘मंजूर.’ माझी दाढ माझ्या तोंडात होती, मला कसली भीती?

तीच दाढ नेमकी फिरली.

तशी ती दिवाळीपासून दुखत होती. मी लवंग धरून चालवत होतो. जानेवारीत गाल गरम झाला आणि तोंड उघडलं की बायजा पदर नाकाला लावायला लागली. शेवटी प्रितेशने मला बोळींजच्या एका दातांच्या दवाखान्यात नेलं. हल्ली आमच्याकडे माणसांना दात नसतील तेवढे दातांचे दवाखाने झालेत. हा वरच्या मजल्यावर होता, खाली मोमोचं दुकान. डॉक्टरणीचं नाव निधी. वय अठ्ठावीस-तीस, मनगट शेवग्याच्या शेंगेएवढं.

‘आजोबा, किती दिवस दुखतंय?’

‘दिवाळीपासून.’

‘इतके दिवस काय केलंत?’

‘लवंग.’

‘आता घरात झाडच लावायचं बाकी आहे,’ प्रितेश मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

तिने आत दिवा टाकला, फोटो काढला आणि म्हणाली, ‘या दोन्ही अक्कलदाढा आहेत. वरची आतून पोकळ झालीय, खालचीच्या मुळाशी पू आहे. दोन्ही काढू. तसाही या दाढांचा माणसाला काही उपयोग नसतो.’

‘विरारच्या माणसाला नसेल,’ मी म्हटलं. ‘आगाशीत तिच्यावर घर चालतं.’

तिला वाटलं मी विनोद केला. हसली. पाच दिवस गोळ्या दिल्या आणि विचारलं, दाढा कधी काढायच्या, सोमवारी की शुक्रवारी?

इथे माझं चुकलं. (चुकलं म्हणजे, कुणाचंही चुकलं असतं.) मांडवाला सातवं ऊन सोमवारी लागत होतं. बुधवारी संध्याकाळी युजीन माल न्यायला येणार, शनिवारी लग्न. शुक्रवारी दाढ काढली असती तर सुकेळी दाढेने बघून झाली असती. पण रविवारी बायजाच्या बहिणीकडे वालाचं बिरडं होतं आणि ते मला सुखाने खाता आलं नाही. ताटावर बसल्या बसल्या ठरवलं, जाऊ दे, सोमवारी सकाळी दाढ काढू, दुपारी घरी येऊन सुकेळी बघू. एका रिक्षात दोन कामं.

‘आवो, दाढ काढून मग बघनार कशानं?’ बायजाने विचारलं.

‘शेजारची दाढ आहे ना. इतकी वर्षं बाजूला उभी राहून बघतेय, शिकली असेल.’

सोमवारी गेलो. निधी डॉक्टरने बीपी बघितलं, साखर बघितली, हृदयाचं विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं. एवढी चौकशी माझं लग्न जमवताना बायजाच्या बापाने केली नव्हती. मग सुई टोचली. गाल जाड झाला, ओठ जाड झाला, थोड्या वेळाने अर्धं तोंड माझं नाही, शेजाऱ्याचं आहे असं वाटायला लागलं. मग त्या शेवग्याच्या शेंगेने माझी चाळीस वर्षांची इभ्रत मुळा उपटावा तशी उपटली. एक वर, एक खाली. वाटीत टाकल्या तेव्हा टण् टण् आवाज झाला. मी त्या मागून घेतल्या. ती म्हणाली, ‘कशाला हव्यात?’ आता हिला काय सांगणार?

तिने कापूस दाबून दिला, तोंड मिटायला लावलं आणि सूचना सांगितल्या. थुंकायचं नाही. गरम नाही. मशेरी महिनाभर नाही, कायमची सोडली तर उत्तम. थंड दूध, आईस्क्रीम चालेल. यानंतरही ती बरंच काही बोलली, पण मी ‘मशेरी नाही’ इथेच अडकून बसलो होतो. प्रितेश ऐकत असेल असं मी समजलो, मी ऐकतोय असं प्रितेश समजला. सगळं छापलेला एक कागदही दिला. तो मी वाचला नाही, कारण चष्मा घरी होता. (चष्मा खिशात होता.)

एक वाजता घरी पोचलो. बायजाने गालाला बर्फाचं फडकं लावलं आणि ते जागेवर राहावं म्हणून हनुवटीखालून डोक्यावर टॉवेल बांधला, वर गाठ. अशी गाठ आमच्याकडे माणसाला एकदाच बांधतात, तीही तो तक्रार करू शकत नाही तेव्हा. शेजारची बाई कंपाउंडवरून वाकून बघून गेली आणि परत आली तेव्हा तिच्या मागे आणखी दोघी होत्या.

मी ओटीवरच्या खाटेवर बसलो. रचना मांडवाकडून आली. ‘बाबा, तुम्ही आराम करा. सुकेळी झालीत. मी आणि आईंनी सकाळी बघितलीत. आज उतरवायलाच हवीत.’

मी हाताने विचारलं, कशाने बघितलीत?

‘बोटाला गुंडाळून. चिरत नाहीत आणि बोटाला ओल लागत नाही.’

बोटाला! सुकेळं म्हणजे काय अंगठी आहे? हे वाक्य मला बोलता आलं नाही, तोंडात कापूस होता, पण मी ते चेहऱ्यावर आणलं. कापूस काढला आणि हात पुढे केला. आणा.

‘बाबा, नको ना. डॉक्टर काय म्हणाले? प्रितेश, चावायला चालतं का यांना?’

‘आईस्क्रीम चालतं म्हणाली,’ प्रितेश म्हणाला. तो सोफ्यावर टर्फच्या जाळीचे रंग निवडत होता.

रचनाने बायजाकडे बघितलं. बायजा म्हणाली, ‘दे एक. त्याशिवाय गप बसनार नाय.’

सुकेळं आलं. मी त्याचं टोक तोंडात घेतलं, सवयीप्रमाणे उजवीकडे सरकवलं आणि शेजारच्या दाढेला हाक मारली. पहिला चावा. सुकेळ्याने नाही म्हणायला हवं होतं. ते काही म्हणालंच नाही. मऊ! दुसरा चावा घेतला. आत दडस, अर्धकच्चं, जसं चार उन्हांचं केळं लागतं. तिसरा चांगला जोर लावून घेतला, तर रस सुटला. कोमट, खारट रस. केळ्याला खारट रस कुठून आला, हा प्रश्न दुसऱ्या माणसाला पडला असता. मला वाटलं, बघा, हे बोटाला गुंडाळणारे! कच्चा माल पुड्यांत बांधायला निघाले होते, जर्मनीपर्यंत बुरशी गेली असती.

‘कच्ची,’ मी म्हटलं. बाहेर पडलं ते ‘कश्शी’, म्हणून दोन बोटं वर करून दाखवली. दोन दिवस. अजून दोन उन्हं.

‘बाबा, दोन दिवसांनी लाकूड होतील हो ती!’

मी दोन बोटं तशीच धरली.

‘आई, तुम्ही तरी सांगा ना यांना.’

बायजा माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या मांडीकडे, मग जमिनीकडे. तिथे एक कोंबडी काहीतरी टिपून पळाली. बायजा म्हणाली, ‘बरं. दोन दिवस म्हनतात तर दोन दिवस.’ आणि रचनाला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, चाळीस वर्षांत एकदा तरी ही बाई वाद न घालता ऐकते आहे.

प्रितेश तेवढ्यात म्हणाला, ‘बाबा बोलले ना, मग विषय संपला. बाबांची जबाबदारी.’ आणि पुन्हा जाळीचे रंग बघायला लागला. त्याच्या आवाजात मला एप्रिल महिना ऐकू आला.

चार वाजता सुई उतरली आणि ओठ आला. दाढेच्या जागी दुखणार हे मला ठाऊक होतं, पण तिथे नुसतं ठणकत होतं. खरी आग खालच्या ओठाला होती. आरशात बघितलं तर उजवीकडे वांगं लागलेलं. काळं-जांभळं, देठ तेवढा नव्हता. मी तिथल्या तिथे ताडलं, त्या पोरीने दाढ काढताना हत्यार निसटवून माझा ओठ कापला आणि वर कापूस लावून घरी पाठवून दिलं.

पण तिच्याशी भांडायला वेळ नव्हता, मला मांडव राखायचा होता. कच्च्या मालावर कावळे जास्त येतात. मंगळवारी दिवसभर आणि बुधवारी सकाळी मी ओटीवर काठी घेऊन बसलो, डोक्याला गाठ, ओठाला वांगं, एका हातात आईस्क्रीमची वाटी. आंब्याचं होतं. मला आवडत नाही. (मंगळवारी चार वाट्या झाल्या.) कावळा उतरला की मी ‘हाड’ म्हणायचो, ते ‘हाथ’ व्हायचं, आणि रस्त्यावरची माणसं मला हात करून पुढे जायची. मंगळवारी प्रितेशचा एक ओळखीचा माणूस टेप घेऊन राजेळीची लांबी-रुंदी मोजायला आला. त्यालाही मी कावळा समजलो.

‘ऑर्डर अजून गेली नाय, तवर मापं कशाला घेता?’ मी काठी आपटून विचारलं. बोबडं आलं, पण काठी स्पष्ट होती. तो मापं न घेता गेला.

बुधवारी सकाळी तपासायला बोलावलं होतं. रचना घेऊन गेली. दवाखान्यात सात-आठ माणसं बसली होती. मी आत जायची वाट बघितली नाही. दारातूनच सुरू केलं.

‘दाढ काढायला सांगितली होती, ओठ कुणी कापायला सांगितला?’

निधी डॉक्टर बाहेर आली. दिवा आणला, माझा ओठ दोन बोटांत धरला, खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिली.

‘आजोबा, हे हत्याराचं नाही. हे दातांचे ठसे आहेत.’

‘कुणाच्या?’

‘तुमच्या. हे बघा, एक, दोन, तीन. तीनदा चावलात. भूल उतरायच्या आत काही खाल्लं होतंत का? मी दोनदा सांगितलं होतं, कागदावरही मोठ्या अक्षरात आहे.’

‘मी फक्त एक सुकेळं चावून बघितलं.’

‘गिळलंत?’

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गिळलेलं मला आठवेना. चावलेलं आठवत होतं. मऊ आठवत होतं. दडस आठवत होतं. कोमट, खारट...

‘तुम्ही सुकेळं चावलंच नाहीत, आजोबा. स्वतःचा ओठ चावून बघितलात,’ ती म्हणाली, आणि मग मात्र तिला हसू आवरलं नाही. बसलेल्या सात-आठ जणांनाही नाही. ज्याचे दात त्या दिवशी निघायचे होते, असा एक जण तर जबडा धरून हसत होता.

मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे मांडव होता. बाराशे सुकेळी, माझ्या ओठाच्या साक्षीवर दोन जादा उन्हं खात पडलेली. संध्याकाळी युजीन येणार. शनिवारी लग्न. एप्रिलमध्ये जे.सी.बी.

‘रिक्षा!’ मी म्हटलं.

रिक्षात रचना बाहेर तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय पोरगी. मलाही भरून आलं. तिने सांगितलं होतं. तिचं ऐकलं असतं तर राजेळी राहिली असती. बाप लावून गेला ती झाडं, त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं. तिथे आता अंधेरीची माणसं चौकार मारणार.

घरी येऊन तडक मांडवाखाली गेलो. एक सुकेळं उचललं. कारवीवर आपटून बघितलं. टक. दुसरं उचललं. टक टक. त्यांनी ढोल वाजवता आला असता. मी तिथेच मातीत बसलो. बायजा मागच्या दारातून बघून आत गेली, बाहेर आली नाही. मला वाटलं, तिला माझ्याकडे बघवत नाही.

युजीन पाच वाजता टेम्पो घेऊन आला. नवा शर्ट, मुलीच्या लग्नाचा आनंद.

‘अरे रामू, डोक्याला काय? डोक्याची पुडी बांधलीस काय?’

‘युजीन,’ मी म्हटलं, ‘बस. एक वाईट गोष्ट सांगायची आहे. तुझा माल...’

‘हा घ्या माल,’ बायजा म्हणाली.

आतल्या खोलीतून ती आणि रचना टोपल्या घेऊन आल्या. पुड्या. सुकलेल्या केळीच्या पानात गुंडाळलेल्या, केळीच्याच सोपटाच्या दोरीने बांधलेल्या, एकासारख्या एक, दोनशे. मी मांडवाकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. मग मांडवावर काय होतं? नंतर कळलं, निवडून काढलेली बारकी, वाकडी, डागाळलेली सुकेळी. बायजाने सोमवारी दुपारीच, मी गोळी घेऊन पडलो तेव्हा, चांगला माल उतरवला आणि मांडव ओटीवरून भरलेला दिसावा म्हणून त्यावर ती टाकाऊ पसरली. मी दोन दिवस काठी घेऊन कचरा राखला. तोही कावळ्यांपासून, ज्यांना तो नको होता.

युजीनने एक पुडी सोडली, एक सुकेळं अर्धं चावलं आणि डोळे मिटले. ‘रामू, मानला तुला. हा तुझ्या दाढेचा माल. अशी सुकेळी आख्ख्या वसईत कोण देत नाय.’

प्रितेशने मोबाइल खाली ठेवला. रचना टोपलीतल्या पुड्या उगाच सरळ करत होती.

‘पण दाढ काढलीस म्हणे,’ युजीन म्हणाला. ‘पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न आहे. तिला तीनशे पुड्या लागतील. आता बघणार कोण?’

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रितेश सगळ्यांपेक्षा जास्त. ‘कोणी नाही’ म्हटलं तर राजेळी गेली. ‘मी’ म्हटलं तर ओठ समोर होता.

‘रचना बघेल,’ मी म्हटलं.

‘नालासोपाऱ्याची?’

‘आगाशीची,’ मी म्हटलं. ‘ती दाढेने बघत नाही. बोटाने बघते. ते जास्त बरोबर येतं.’

एवढं बोललो आणि पाणी प्यायला आत गेलो. (पाणी थंड होतं. तरी प्यायला वेळ लागला.)

युजीनचा टेम्पो गेला. प्रितेश आत आला, म्हणाला, ‘सॉरी बाबा, मोजायला माणूस बोलवायला नको होता. राजेळी राहू दे.’ सुनेसमोर आणि आईसमोर म्हणाला, हे नोंदवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी निधी डॉक्टरचाही फोन आला. सगळ्यांदेखत हसले त्याबद्दल सॉरी आजोबा, म्हणाली. शिकलेली पोरगी आहे, तिला रीत कळते. रचनाला मी स्वतः म्हटलं, माझं चुकलं. एकदाच म्हटलं, आणि नळ चालू असताना म्हटलं, पण म्हटलं.

राहिली बायजा.

मी तिला त्याच संध्याकाळी धरली. ‘माझा ओठ चावला जातोय हे तुला दिसत होतं?’

‘दिसत होतं की. तुमचा सुकेळ्याचा तुकडा मांडीवर पडला, मग खाली पडला, मग कोंबडीनं खाल्ला. तुमी आपले चावताय.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलले असते तर तुमी दुसरा मागितला असता.’

हे मी सोडून दिलं. पण मग मला सुचलं ते विचारायला नको होतं. मी म्हटलं, ‘आणि रचनाला बोटाने बघायला कुणी शिकवलं?’

‘मीच. आणखी कोन?’

‘तुला कुठून येतं?’

बायजा भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. ‘बारा वर्सं मीच बघते. लागोपाठ तीन वर्सं माल बुरसला होता, आठवतं? तुमी ढगांना शिव्या देत होता. मंग मीच बघायला लागले. झाली का ते बोटानं बघायचं, चांगलं झालेलं एक निवडायचं आनि तुमाला चावायला द्यायचं. तुमी मान हलवली की उतरवायचं.’

‘आणि मागच्या वर्षी अर्धा माल परत आला तो?’

‘मागच्या वर्सी मी भावाकडे गेले होते ना दोन दिवस. तवा तुमी एकट्यानं बघितली.’

मी पाटावर बसलो. बारा वर्षं. बारा वर्षं मी मान हलवत होतो आणि मांडव आधीच ठरलेला होता.

‘मग मला चावायला देत होतीस कशाला?’

‘तेवढा अर्धा तास तुमी ओटीवर गप बसता,’ बायजा म्हणाली. ‘तेवढ्यात आमची निम्मी कामं होतात.’

तेव्हापासून मी तिच्याकडे माफी मागतोय. मागतोय म्हणजे, तिने मागावी असं म्हणतोय. सकाळी चहाला म्हणतो, दुपारी जेवताना म्हणतो. नवऱ्याला बारा वर्षं फसवणं ही लहान गोष्ट नाही. ती म्हणते, ‘हां, मागीन. आधी केळीला पानी सोडून या.’ मी पाणी सोडून येतो, तोवर विषय निघून गेलेला असतो.

म्हणून इथे छापून टाकतो, म्हणजे समाजाला कळू दे. प्रितेशने मागितली, डॉक्टरणीने मागितली, मीही नळाखाली मागितली. राहिलेल्या माणसाचं पूर्ण नाव लिहितो: बायजा रामू राऊत, मुक्काम पोस्ट आगाशी. तिला वाचता येत नाही, तेव्हा कुणीतरी एवढा भाग तिला वाचून दाखवा. मात्र मी घरात नसताना दाखवा, आणि हे मी लिहिलंय असं सांगू नका.